टोचल्यास केव्हाही या

माझ्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी होत्या. वर मोठ्या अक्षरांत 'येथे दातांच्या कवळ्या करून मिळतील', आणि खाली जरा लहान अक्षरांत 'टोचल्यास केव्हाही या'. ही खालची ओळ माझ्या वडिलांची. ते म्हणायचे, कवळी बसवली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. हिरडी म्हणजे काही लाकूड नव्हे. ती सुजते, आक्रसते, बदलते. तेव्हा एकदा आपल्या हातची कवळी माणसाच्या तोंडात गेली, की ती जन्मभर फुकट घासून द्यायची. वडील गेले, दुकान माझ्याकडे आलं आणि पाटीही आली. मी चोपन्न वर्षांची आहे, तीस वर्षं हेच काम करते. माझं तोंड फटकळ आहे हे मला कुणी सांगायला नको, आणि माझं काम चोख आहे हेही कुणी सांगायला नको. दोन्ही आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या दोन्हींमुळे झालं.

दुकान दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत चौघांचा बाक, एक खुर्ची आणि खुर्चीसमोर आरसा. आतल्या खोलीत मेण, प्लास्टर, उकळत्या पाण्याचं पातेलं आणि घासायची मोटर. आत माझ्याबरोबर एकच बाई, पॉलिशवाली. साठीची आहे. कमी बोलते, आणि बोलते तेव्हा नेमकं वर्मावर बोट ठेवते, म्हणून मी तिला फारसं बोलू देत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. ते दात काढतात, तोंडाचा साचा घेतात. साचा खाली येतो, आम्ही कवळी करतो. मग मंगळवारी सकाळी सगळे नवे म्हातारे-म्हाताऱ्या आमच्याकडे येऊन कवळी घालून बघतात. बाकीचे सहा दिवस दुकानात फक्त मोटरचा आवाज. मंगळवारी मात्र बिनदातांची सभा भरते.

ज्यांची ही गोष्ट, ते काका असेच एका मंगळवारी आले. शहात्तरचे, किडकिडीत, शर्टाला कडक इस्त्री, वरचं बटणसुद्धा लावलेलं. अडतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्ट चालवलेली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे कळल्यावर त्यांना केवढं हसू आलं. म्हणाले, जन्मभर स्टुलावर बसून वर-खाली केलं, पायांना आत्ता कुठे नोकरी लागली. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सकाळी आठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सातला येतात, मधले अकरा तास घरात हे एकटे. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, घराचा पत्ता सांगावा तसं सांगितलं.

त्यांच्या गोष्टींची एक गंमत होती. लिफ्टमध्ये माणूस आपल्या सोबत असतो तो चार-पाच मजले. तेवढ्यात त्याची खुशाली विचारायची, आपली गोष्ट सांगायची आणि दार उघडायच्या आत ती संपवायची. दिवसाला सहाशे माणसं. कुणाच्या मुलीला ताप आहे, कुणाचं वरच्या साहेबाशी बिनसलंय, कुणी नवा कोट घेतलाय, सगळं त्यांना ठाऊक. अडतीस वर्षांच्या सवयीने त्यांची कुठलीही गोष्ट पाऊण मिनिटात आटपायची, आणि शेवटी ते हात पुढे करून म्हणायचे, "चला, आला तुमचा मजला." त्यामुळे ते बोलायला लागले तरी कुणी कंटाळत नसे. मीसुद्धा नाही, हे आज कबूल करते. तेव्हा केलं नव्हतं.

कवळी दिली त्याच्या पुढच्या मंगळवारी ते परत आले. टोचते म्हणाले. नवी कवळी टोचतेच. मी आत पांढरी पेस्ट लावली, तोंडात बसवली, काढली, पेस्ट जिथे पुसली गेली तिथे मोटरचा दगड दोन फेरे फिरवला. झालं. पुढच्या मंगळवारी पुन्हा हजर. असं तीन-चार वेळा सगळ्यांचंच होतं. यांचं दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. दर वेळी नवी जागा. आज डावीकडे, पुढच्या खेपेला उजवीकडे, मग पुढे जिभेखाली. मी घासून द्यायचे. मग ते म्हणायचे, जरा हिरडी निवू दे, आणि बाकावर बसायचे ते एक वाजेपर्यंत. पॉलिशवालीने त्यांचं नावच मंगळवार ठेवलं. दहा वाजले आणि जिन्यात पावलं वाजली, की ती मान वर न करता म्हणायची, आला तुमचा मंगळवार.

बाकावर ते काय करायचे, याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. कवळी घातली की पहिल्यांदा 'स' नीट म्हणता येत नाही, हवा जाते. काका नव्या लोकांकडून मजले म्हणवून घ्यायचे. सहा, सात, सोळा, सतरा, सत्तावीस. सगळा बाक सहा-सात-सोळा करायचा आणि एकमेकांच्या शिट्ट्या ऐकून हसायचा. एक बाई आरशात स्वतःला बघून रडायला लागली, तर तिला म्हणाले, पहिले आठ दिवस तोंडात पाहुणा आल्यासारखं वाटतं हो, मग तो घरचाच होतो. ती रडता रडता हसली. मला वाटायचं, माझ्या दुकानात लोक कुरकुरत नाहीत ते माझ्या हाताला गुण आहे म्हणून.

सव्वा वर्ष हे चाललं. मग एका सोमवारी वरचे डॉक्टर खाली आले. एरवी ते खाली येत नाहीत, साचे पाठवून देतात. उभ्या उभ्याच बोलले. म्हणाले, एक पेशंट सव्वा वर्ष दर आठवड्याला टोचतं म्हणून येतो, आणि तेही मंगळवारी, नव्या लोकांच्या देखत. लोक वर येऊन मला विचारतात, खालच्या बाईंचं काम कच्चं आहे का. पलीकडच्या गल्लीत मशीनवर कवळ्या करणारं नवं दुकान निघालंय. तुम्ही हे निस्तरा, नाहीतर मला तिकडे बघावं लागेल. एवढं बोलून ते वर गेले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं काम कच्चं. तीस वर्षांत हा शब्द माझ्या कामाला कुणी लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काका आले. डावीकडे, खालच्या बाजूला, म्हणाले. मी कवळी घेऊन आत गेले आणि त्या दिवशी पेस्टबिस्ट काही लावली नाही. सरळ दिव्याखाली धरली आणि भिंग लावलं. आतल्या कडेवर ओरखडे होते. बारीक, सरळ, एकाशेजारी एक. माझा दगड गोल फिरतो, त्याच्या खुणा गोल उमटतात. हे ओरखडे माझे नव्हतेच. नखं घासायच्या कानशीचे होते. माणसाने घरी बसून, कड खरवडून खरवडून, बरोबर हिरडीत घुसेल अशी धार उभी केली होती. मी जुन्या खुणा आठवल्या. ती डावी-उजवी, ते जिभेखालचं. सगळं एका क्षणात कळलं. म्हणजे सव्वा वर्ष मी माझी चूक समजून जे घासत बसले, ते सगळं या माणसाच्या हातचं होतं.

त्याने हे का केलं असेल, हा प्रश्न त्या वेळी माझ्या डोक्यात आलाच नाही. माझ्या कामाला कानस लावली, एवढंच डोक्यात होतं. कवळी तशीच हातात घेऊन मी बाहेर आले. बाकावर काकांशेजारी तिघं बसलेली. मी कवळी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"काका, ही तुम्ही घरी कानशीने खरवडता. टोचावी म्हणून. खरं की नाही?"

त्यांच्या तोंडात दात नव्हते, कवळी माझ्या हातात. त्यांनी तोंडावर हात धरला. नाही म्हणाले नाहीत. हाताआडून हळूच म्हणाले, "यायला काहीतरी निमित्त लागतं ना, बाई."

दात नसल्यामुळे शब्दांची नुसती हवा झाली होती, पण सगळ्यांना कळलं. खरं म्हणजे तिथेच माझं डोकं ताळ्यावर यायला हवं होतं. पण मी सुरू झाले की सुरू झाले. म्हटलं, हा काही तुमच्या गप्पांचा कट्टा नाही. तुमच्यापायी माझं नाव खराब होतंय. घरी करमत नाही तर बागेत जाऊन बसा, माझ्या कामाचा सत्यानाश कशाला. बाकावरची बाई आपल्या पिशवीचे बंद बघत राहिली. आत मोटर बंद पडली होती, म्हणजे पॉलिशवालीनेही सगळं ऐकलं.

एवढ्यावर मी थांबले नाही. म्हटलं, मी तुम्हांला नवी कवळी करून देते, माझ्या खर्चाने. आतून सगळी धातूची, कडेपर्यंत. घरच्या कानशीने तिच्यावर चरासुद्धा उठायचा नाही. आणि आज चारचौघांत मला शब्द द्या. खरोखर टोचली तरच यायचं, नाहीतर मला त्रास द्यायला यायचं नाही. ते म्हणाले, दिला शब्द. मग उठले, शर्ट सारखा केला आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी ते कुणाला 'आला तुमचा मजला' म्हणाले नाहीत.

ती कवळी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आहे. रागाने केलं म्हणून असेल, पण खोट काढून दाखवावी कुणी. पुढच्या मंगळवारी काकांनी घातली, मी निळा कागद चावायला दिला, सगळ्या दाढांवर सारखे ठिपके उमटले. सहा, सात, सोळा, सतरा, म्हणाले, एकही शिट्टी नाही. छान बसली, म्हणाले. बाकावर न बसता निघाले. दारातून बाहेर पडताना त्यांनी पाटीकडे पाहिलं. तिच्यावर मी आदल्या दिवशी तिसरी ओळ लिहून घेतली होती, 'विनाकारण बसू नये'. ती त्यांनी पूर्ण वाचली, हे मी आरशातून पाहिलं.

ते गेल्यावर पॉलिशवाली हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "बाई, त्या माणसाने इथे बसायला मिळावं म्हणून सव्वा वर्ष स्वतःच्या हिरड्या सोलून घेतल्या. आणि तुम्हांला वाईट वाटलं ते कवळीचं." मी तिला म्हटलं, तू आपली पॉलिश बघ. ती आपली पॉलिश बघायला गेली.

डॉक्टर खूश झाले. काम वाढलं. पण मंगळवार बिघडला. नव्या लोकांच्या तक्रारी एकाएकी वाढल्या. जड वाटते, मळमळतं, नकोच ती. एका बाईने तर कवळी बाकावर ठेवली आणि न बोलता निघून गेली. मी काम तपासलं, कुठे काही नव्हतं. पूर्वीसारखंच होतं. फक्त बाकावर चार माणसं चार दिशांना तोंडं करून बसायची आणि आपापला नंबर येईतो आपापल्या दुखण्याचा विचार करत राहायची. मला कारण कळत होतं. कळूनही मी हूं की चूं केलं नाही. दहा वाजता जिन्यात पाऊल वाजलं की माझे कान टवकारायचे, आणि दुसरंच कुणी आलं की मी त्या माणसावर उगाच खेकसायचे.

पाच महिन्यांनी त्यांची सून आली. मी तिला ओळखत नव्हते. चाळिशीची, ऑफिसच्या कपड्यांत, डोळ्यांखाली काळं. अर्ध्या दिवसाची रजा काढून आले म्हणाली. पर्समधून डबी काढली, त्यात ती कवळी. सैल झालीये, बोलताना खाली पडते, म्हणाली. मी उडालेच. म्हटलं, ही सैल होणं शक्य नाही. ती म्हणाली, ताई, कवळी तीच आहे, माणूस कमी झालाय.

मग ती बाकावर टेकली आणि बोलत सुटली. पाच महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं. आधी त्यांनी कपड्यांना इस्त्री करणं सोडलं. मग खाली उतरणं सोडलं. मग दिवसभर दाराकडे तोंड करून एका खुर्चीत. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. दोनदा बाथरूममध्ये पडले. एकदा तिला बघून विचारलं, तुम्ही कितव्या मजल्यावरच्या. रक्त तपासलं, हृदय तपासलं, डोक्याचे फोटो काढले, सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, वय झालं. "ताई, हा माणूस पाच महिन्यांपूर्वी तुमचे जिने एका दमात चढत होता. पाच महिन्यांत माणसाचं वय असं होतं तरी किती?"

ती पुढे म्हणाली, तुमच्याबद्दल फार चांगलं बोलायचे हो. मंगळवारी आम्ही घरी आलो की सगळी बातमी तयार. कोण रडलं, कोण हसलं, कुणाला 'स' जमला. नवरा म्हणायचा, बाबांची कचेरी पुन्हा सुरू झालीये. आणि मग एकदम बंद. मी विचारलं का जात नाही, तर म्हणाले, बाईंनी कवळी इतकी उत्तम करून दिली की आता जायला कारणच उरलं नाही.

म्हणजे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. मी चारचौघांत त्यांना बोडक्या तोंडाने उभं केलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वर माझी तारीफ केली. त्या सुनेसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकायला हवं होतं, पण मी गप्प बसले. जिचं तोंड कधी बंद नसतं ती मी तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

तुम्ही म्हणाल, सरळ घरी जाऊन माफी मागायची. मागता आली असती तर मागितली असती. मला ते येत नाही. मला घासता येतं. मी तिला म्हटलं, अर्धा तास बस, आणि कवळी घेऊन आत गेले. हिरडी आक्रसली होती त्या अंदाजाने आत नवा थर दिला, घट्ट बसेल असा. आणि मग, डाव्या बाजूला, खाली, जिथे पूर्वी त्यांच्या कानशीचे ओरखडे होते, तिथली धातूची कड मी मोटरवर धरली. शेजारचा भाग घासून खाली उतरवला आणि मधे एक बारीक कड उभी ठेवली. पहिल्याच घासाला कळेल एवढी. आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या कामाची मी माझ्या हाताने वाट लावली आणि मला बरं वाटलं. पॉलिशवाली शेजारी उभी राहून बघत होती. दुसरा, बारीक दगड तिने न मागता माझ्या हातात दिला.

माझा हिशोब सरळ होता. शब्द काय दिलाय, तर खरोखर टोचली तरच यायचं. आता खरोखर टोचेल. म्हणजे येतील. सुनेला सांगितलं, त्यांना म्हणावं टोचली तर मंगळवारी या, रिक्षाने आणा, खालून वर आणायची सोय मी करते. ती गेल्यावर स्टुलावर चढले आणि पाटीवरची तिसरी ओळ सुरीने खरवडून काढली. पुसट अक्षरं राहिली, पण कुणी मुद्दाम वाचल्याशिवाय कळली नसती.

मंगळवारी मी बाकाच्या कडेची जागा राखून ठेवली. एक जाडेसे गृहस्थ तिथे बसायला लागले तर त्यांना आत सरकायला लावलं. दहा वाजले, अकरा वाजले, एक वाजला. आले नाहीत. म्हटलं, सुनेला रजा मिळाली नसेल. पुढच्या मंगळवारीही आले नाहीत. दीड वाजता पॉलिशवालीने माझी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. आत बघितलं, तर तिने हातघासणीचा दगड आणि पेस्टची बाटली भरून ठेवली होती. मी चपला घातल्या आणि निघाले.

त्यांच्या इमारतीत लिफ्ट होती. बटणाची, आपणच चालवायची. चौथ्या मजल्यापर्यंत मी एकटी, आरशात स्वतःला बघत. त्यांच्या एका गोष्टीला पुरेल एवढा वेळ लागला.

दार त्यांनीच उघडलं, बऱ्याच वेळाने. मला ते भिंतीला धरून उभे दिसले. शर्ट चुरगळलेला, बटणं एक घर चुकवून लावलेली, पण वरचं बटण होतंच. म्हणाले, बाई, तुम्ही इथे कशा? आत वळून मला त्यांची खुर्ची पुढे करायला लागले. ती खुर्ची खरंच दाराकडे तोंड करून होती. शेजारच्या टेबलावर दुधात भिजवलेला पाव, वर साय धरलेली, चमचा कोरडा. सून सकाळी ठेवून गेली असणार, आणि आता दोन वाजून गेले होते.

म्हटलं, कवळी कशी आहे? ओठ मिटूनच ते म्हणाले, छान. छान बसलीये. बोलताना डावा गाल हलू देत नव्हते. मी म्हटलं, तोंड उघडा. त्यांनी लगेच उघडलं, शाळेतल्या पोरासारखं. मी कवळी काढली. डावीकडे, खाली, हिरडीवर अंगठ्याच्या नखाएवढी जखम. कडा पांढऱ्या, मधे लाल. दोन आठवड्यांची. माझी.

"हे टोचत नाही?"

"नाही हो," ते म्हणाले. "तुमच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही."

माझा तोल सुटला. रागाने नव्हे, या वेळी दुसऱ्याच कशाने तरी. "काका, खोटं बोलू नका. मी मुद्दाम कड ठेवलीये तिथे. टोचावी म्हणून ठेवली. तुम्ही मंगळवारी यावं म्हणून."

त्यांना कळायला वेळ लागत होता, आणि कळलं ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. बिनदातांच्या तोंडाने, त्याच हवा जाणाऱ्या आवाजात, ते म्हणाले, "मी तेच केलं तेव्हा तुम्ही रागावला होतात."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी झेलला असता. त्यांना खरंच समजत नव्हतं, आणि ते मला विचारत होते.

मी म्हटलं, मी चुकले. सांगते ना, मी चुकले, चला तुम्ही मंगळवारी, बाक तुमच्यावाचून अडलाय, लोकांना 'स' म्हणता येत नाही. मला जेवढं जमलं तेवढं आणि जसं जमलं तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "शब्द दिला होता ना मी," म्हणाले. "आता कुणाला त्रास द्यायचा नाही." दोन आठवडे माणूस त्या जखमेवर कवळी चढवत होता आणि उतरवत होता, जेवण सोडून दिलं होतं, आणि टोचतं म्हणून बोलला नव्हता, कारण मी चारचौघांत तोंड बंद करायला लावलं होतं. जे नऊ किलो कमी झाले होते, त्यात माझ्या युक्तीने आणखी दोनाची भर घातली होती.

तिथेच बसून मी ती कड हाताने घासून काढली. धातू हाताने घासायला तास गेला. ते समोरच्या स्टुलावर बसून माझ्या हाताकडे बघत होते. मधेच एकदा म्हणाले, दमलात. तेवढंच.

आता मी दर मंगळवारी दुपारी त्यांच्याकडे जाते. एक वाजता बाक रिकामा झाला, की लिफ्टने चौथा मजला. जखम भरली. कवळी पुन्हा सैल झालीये, पण मी थर देते. जाताना सकाळच्या सगळ्या बातम्या गोळा करून नेते. कोण रडलं, कोण हसलं, कुणाला सोळा म्हणता येईना. पण मला त्यांच्यासारखं पाऊण मिनिटात सांगता येत नाही, पाल्हाळ होतं, आणि शेवट हातचा निसटतो. ते सभ्यपणे ऐकतात. त्यांना लिफ्टमधलं काही विचारलं तर म्हणतात, आता कुठे आठवतं. दुकानात चला म्हटलं, रिक्षा आणते म्हटलं, पॉलिशवाली येऊन हात धरून खाली नेते म्हटलं, तर म्हणतात, कवळी उत्तम आहे, उगाच कशाला. मग तोंड उघडून दाखवतात, छान बसलीये म्हणतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. दाराकडे तोंड करून दिवसभर कुणाची तरी वाट बघणारा माणूस, मी आले की घड्याळ बघतो.

पाच मिनिटं होतात न होतात तो ते उठायला लागतात, खुर्चीला धरून. म्हणतात, तुमची माणसं खोळंबली असतील, बाई. माझ्यापायी तुमचा वेळ जायला नको. निघा तुम्ही. कुणी खोळंबलेलं नसतं, आणि एवढ्या मोठ्या तोंडाची मी बाई, पण तेवढं एक वाक्य माझ्या तोंडातून फुटत नाही. मी पिशवी उचलते आणि निघते.